धुऱ्यावरचा फास

सकाळचे पावणेसात. कयाधूकडचं धुकं अजून उठलेलं नाही. वनरक्षक मॅडम दुचाकी स्टँडवर लावतात, हातमोजे डिकीत टाकतात आणि धुऱ्याच्या अलीकडेच उभ्या राहून हाक मारतात, "आबाऽ, येऊ का?"

आखाड्यावरचं कुत्रं उत्तर देतं. माणसाचा आवाज येत नाही. मॅडम पाऊल पुढं टाकत नाहीत. सोबतचे वनमजूर मामा काठीनं गवतावरचं दहिवर झाडत थांबतात, म्हणून मीही थांबतो.

खरं तर त्यांचं कुणाच्या हाकेवाचून अडत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधलं कलम 50 मी काल रात्रीच पुन्हा वाचलंय. गुन्हा घडल्याचा रास्त संशय असेल तर कुठलाही वन अधिकारी, त्यात अगदी खालच्या पायरीवरचा वनरक्षकही आला, कुणाच्याही रानात, घरात, गोठ्यात, गाडीत शिरून झडती घेऊ शकतो. फास, हत्यार, मांस, कातडं जप्त करू शकतो. वॉरंट नसताना अटक करू शकतो. सातबारा कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तिथं येतच नाही. एवढं सगळं खिशात घेऊन ही बाई हरभऱ्याच्या कडेला थंडीत उभी आहे आणि आत यायला विचारते आहे.

आबा येतात. अंगावर चादर, तिच्याखाली स्वेटर, हातात रात्रभर जळून पिवळी पडलेली बॅटरी. "या की म्याडम. वावर तुमचंच हाय."

"माझं कुठलं, आबा? डुकरं म्हणा माझी."

आबा हसतात. हा विनोद या दोघांमध्ये जुना असावा. हिंगोलीच्या खेड्यापाड्यांत खाकी दिसली की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं : तुमची डुकरं आवरा. जणू वनखात्यानं संध्याकाळी कोंडवाडा उघडायचा आणि सकाळी मोजून आत घ्यायची.

आम्ही हरभऱ्यात उतरतो. दहा पावलांत पँट गुडघ्यापर्यंत भिजते आणि आंब पायाला चुणचुणायला लागते. घाटे धरलेत, टचटचीत नाहीत अजून. मधली पट्टी मात्र कुणी रात्रीत नांगर फिरवून गेल्यासारखी. झाडं मुळासकट उपटून उताणी पडलेली, मातीत दुभंगलेले खूर आणि मधोमध एक सपाट झालेली जागा, जिथं एखादं लोळून गेलंय. मामा खाली बसून खुरांचा माग बोटानं चाचपतात. "पाचसहा मोठे. पिल्लं येगळी."

पाच तालुक्यांच्या या जिल्ह्यात जंगल म्हणजे माळावरच्या टेकड्यांना चिकटलेल्या खपल्या. डुकरं त्या खपल्यांत राहतात असं जिल्ह्याबाहेरच्यांना वाटतं. ती राहतात नाल्यातल्या बेशरमीत, वेड्या बाभळीत आणि येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्यावरच्या उसात. दिवसा ऊस, रात्री हरभरा. हळद खात नाहीत म्हणून या पट्ट्यात कित्येकांनी हळद लावली. पण गांडुळांसाठी हळदीचे बेडसुद्धा उकरतात. रोही वेगळी. ती उकरत नाही, चालत जाते आणि जाताना वरचेवर खाते. एक भरलेला नर दोनशे किलोच्या पुढं जातो. असे सात-आठ तुरीतून गेले की खाण्यापेक्षा तुडवण्यातच जास्त जातं.

हिंदी पट्ट्यात याच जनावराला नीलगाय म्हणतात. 2016 साली बिहारमध्ये रोह्या मारल्या तेव्हा केंद्रातले दोन मंत्री, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर, एकमेकांविरुद्ध उघड बोलले. आमच्या रोहीच्या नावात गाय नाही. तरी इथंही तिच्यावर बंदूक उचलायला फारसं कुणी धजत नाही. शेतकरी तिला शिव्या देतो आणि डबा वाजवतो.

आबांच्या रानाभोवती साड्या बांधल्यात. एक इरकल आहे, काठ अजून शाबूत. बाकी नायलॉन. वाऱ्यानं हलल्या की जनावर बुजतं, असा हिशेब. साड्यांच्या खालून न्हाव्याकडून आणलेले केस टाकून झालेत. कोपऱ्यात बांबूवर भोंगा आहे, त्यात वाघाची डरकाळी भरलेली.

"आठ दिस चांगला चालला बगा," आबा सांगतात. "नवव्या दिशी भोंग्याच्या बुडाशी बसून खाल्लं. आता वाघ वराडला की मलाच जाग येती, डुकरं काय हालत नाहीत."

कृषी खात्याचा तरुण येतो. तो मोबाइल छातीशी धरून नुकसानीच्या कडेकडेनं चालतो. स्क्रीनवर रेष उमटत जाते. पूर्वी यांना कृषी सहायक म्हणत, आता सहायक कृषी अधिकारी म्हणायचं. तलाठ्याचंही ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावाला अजून खबर नाही, ते तलाठीच म्हणतात, आणि तलाठी अजून आलेलेही नाहीत. फोनवर "निघालोच" म्हणतात. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवायचं, मग या तिघांनी मिळून पाहायचं, मोजायचं, सह्या करायच्या. आबांनी परवा पहाटेच मॅडमच्या मोबाइलवर फोन केला होता, ऑफिसच्या नंबरवर नव्हे.

"मागच्या खेपेचे आले का?" मी विचारतो.

"आले. वरातीमागून घोडं येतं तसे आले. पर आले." मॅडमकडं न बघता ते सांगतात.

31 आर, असं मोबाइल सांगतो. आबांना ते एक एकर वाटतं. मॅडम मधे पडत नाहीत, फक्त तरुणाला म्हणतात, "त्या कडेची उपटलेली झाडं घेतलीत का रेषेत? पुन्हा एकदा फिरा." तो फिरतो. 34 होतात. आबांचा चेहरा सैल पडतो.

मला हे काम इथवर समजतं. खाकी घालून येणारी व्यक्ती देणारी आहे, रानमालक मागणारा आहे, दोघांना एकमेकांशी नीट बोलणं परवडतं. तेवढ्यात ओढ्याकडच्या धुऱ्यावरून मामांची हाक येते. मोठ्यानं नाही. "म्याडम. जरा हिकडं."

बाभळीच्या खोडाला वायर आवळलेली आहे. दुचाकीच्या क्लचची केबल, प्लास्टिकचं आवरण सोलून काढलेलं, आतली पिळदार पोलादी तार वंगणानं काळी. एका टोकाला शिशाचं बोंड तसंच आहे, जे क्लचच्या दांडीत अडकवतात. तेच इथं गाठीच्या कामाला आलंय; त्यामागून तार ओवून फिरती कडी केलीये, ओढाल तशी आवळत जाणारी, सैल न होणारी. कडी साड्यांच्या दोन पदरांमधल्या फटीत अगदी बरोबर बसवली आहे. सगळ्या रानाला कापडाची भिंत आणि एवढीच एक वाट मोकळी. मॅडम गुडघ्यावर बसतात, वीत टाकून मोजतात. जमिनीपासून दीड वीत.

"रोहीसाठी नाही. डुकरासाठी."

कडीच्या आतल्या बाजूला चार-पाच राठ केस अडकलेत. मामा एक केस उपसून माझ्या तळहातावर ठेवतात. काळा, सुतळीसारखा जाड, आणि टोकाला फाटून दोन-तीन झालेला. डुकराचा केस टोकाला असा फाटलेला असतो, पाळीव काय, रानातलं काय. बाभळीच्या सालीवर तार घासल्याची ताजी खूण आहे, आतलं लाकूड लालसर ओलं. काहीतरी अडकलं, झटापट झाली आणि सुटलं. किंवा सोडवून नेलं.

शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. कायद्याच्या व्याख्येत फास लावणं, विष ठेवणं, सापळ्यात धरणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हे सगळं शिकारीतच येतं. म्हणजे हा फास रिकामा असला तरी गुन्हा पुरा झालेला आहे. 2022 च्या दुरुस्तीनं डुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत गेले. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. याच कडीत काळवीट अडकलं असतं तर ती पहिली अनुसूची : कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. फास लावणारा डुकरासाठी लावतो, फासाला ते ठाऊक नसतं.

मी मागं वळून पाहतो. आबा जिथं होते तिथंच थांबलेत, हरभऱ्यात, चादर घट्ट ओढून. पाच मिनिटांपूर्वी 34 आर ऐकून हसलेला माणूस आता खाली बघतो आहे.

मॅडम फासाला हात लावत नाहीत. आधी मोबाइलवर फोटो : लांबून एक, जवळून दोन, वितीसह एक. मग पिशवीतून कागद काढतात. हिरवी पिशवी तीच. पंचनाम्याचे कागद ज्या कप्प्यात होते त्याच्या शेजारच्या कप्प्यातून जप्तीनाम्याचे निघतात. आता दोन पंच हवेत.

ओढ्यापलीकडून एक जण येतो. आबांचा भाऊबंद, धुरा दोघांचा सामाईक. साठीचा, टोपी तिरकी, तोंडात दातवण. बघताक्षणी त्याला सगळं कळतं. "पारध्यायचं काम असंल हे."

मॅडम लिहीत नाहीत, मानही वर करत नाहीत. गावात फास सापडला की बोट आधी पारध्यांच्या पालाकडं जातं. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. 1952 साली तो कायदा गेला. बोट अजून तिकडंच जातं. दोन किलोमीटरच्या परिसरात एकही पाल नाही, हे भाऊबंदालाही ठाऊक आहे.

"तुम्ही पंच म्हणून सही कराल का?" मॅडम त्यालाच विचारतात.

"मी? आन कोर्टात हेलपाटे कोन मारील? पाच सालानं समन्स यील, मी वर गेल्यावर."

कृषी खात्याचा तरुण मोबाइलमध्ये डोकं घालतो. तो पंचनाम्याचा माणूस, जप्तीचा नाही. मग मॅडम हरभऱ्याकडं वळतात.

"आबा, तुम्ही?"

बराच वेळ कुणी बोलत नाही. भोंग्यातून अवेळी डरकाळी फुटते आणि बंद पडते.

"माझ्याच धुऱ्यावरचा फास," आबा म्हणतात, "अन् मीच पंच?"

"धुरा तुमचा आहे म्हणून तर. फास कुणाचा ते मी विचारलं नाही अजून."

आबा जवळ येतात. फासाकडं बघतात, तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं, किंवा तसं दाखवत. मग त्यांच्या तोंडून जे निघतं ते मी वहीत तसंच उतरवून घेतो : "म्याडम, एक सांगा. ते जनावर माझ्या वावरात खातं, तवर त्याचा धनी कोन?"

"कुणीच नाही."

"आन मेल्यावर?"

"मेल्यावर सरकार."

"म्हंजी खातं तवर माझ्या बोडक्यावर, मेलं की तुमचं!"

कायद्याचं कलम 39 याहून थोडक्यात मी कुणाकडून ऐकलेलं नाही. शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी शासनाच्या मालकीचा. ज्या फासानं, हत्यारानं, गाडीनं गुन्हा केला तेसुद्धा शासनाचं. जिवंत, मोकळं फिरणारं डुक्कर कुणाच्या नावावर नाही. त्याच्या पोटातला हरभरा मात्र गट नंबरासकट आबांच्या नावावर आहे, आणि त्यांनी तो ई-पीक पाहणीत स्वतः नोंदवलेला आहे.

"मग परवाना द्या मला पारधीचा," आबा आता चढत्या आवाजात बोलतात. "हाय ना तसा कायदा?"

आहे. कलम 11 नुसार उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारायची लेखी परवानगी देता येते, आणि डुक्कर-रोहीसाठी हा अधिकार 2015 च्या शासन निर्णयानं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणलाय. मॅडम सांगतात : अर्ज करा, पोच घ्या, मी स्वतः नेऊन देते. "पण आबा, परवाना बंदुकीसाठी असतो. फासाला परवाना नाही, करंटला नाही, विषाला नाही. बंदूक आहे कुणाची गावात?"

आबांच्या वडलांची होती, ठासणीची, निजामाच्या राज्यातली. पीक संरक्षणाचा परवाना आबांच्या नावावर झाला. मग दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करायची, निकालानंतर सोडवून आणायची. 2024 साली लोकसभेला जमा केली, आणली. विधानसभेला पुन्हा जमा करायची वेळ आली तेव्हा लेक म्हणाला, राहू द्या तिकडंच. परवान्याचं नूतनीकरणही मग झालं नाही. "आता कागदावर पारध हाय, हातात काठी हाय," भाऊबंद मधेच म्हणतो, आणि तो चेष्टा करतोय की खरं बोलतोय ते कळत नाही.

त्याच्या बोलण्यामुळं मॅडमचं लक्ष त्याच्याकडं जातं, आणि त्याच्यामागं, ओढ्यापलीकडच्या रानाकडं. बांबूच्या खुंट्यांवरून एक उघडी तार गेलेली आहे, गुडघ्याच्या खाली.

"ती कसली?"

"झटक्याची. मशीनची."

झटका मशीन चालतं. सौर पॅनेल, बारा व्होल्टची बॅटरी, सेकंदा-दीड सेकंदानं एक ठोका. जनावर दचकून मागं फिरतं, मरत नाही. त्यासाठी सरकारी अनुदानाची योजनाही आहे. खांबावरचा आकडा किंवा मोटारीच्या पेटीतली वीज त्याच तारेत सोडली की मात्र ठोके राहत नाहीत, सरळ मरण राहतं. ते डुक्कर आणि माणूस बघत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ 2017 साली असाच श्रीनिवास गेला, उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध जय वाघाचा मुलगा. डुकरासाठी सोडलेल्या करंटला चिकटला. घाबरलेल्या शेतकऱ्यानं त्याला शेतातच पुरलं.

"मशीन दाखवता?"

"आखाड्याला कुलूप हाय. किल्ली घरी."

इथं पहिल्यांदा मॅडमचा आवाज बदलतो. चढत नाही, खाली येतो. "किल्ली घेऊन या, काका. मी इथं बसते." आणि त्या खरंच धुऱ्यावर बसतात, मांडीवर पॅड घेऊन. कलम 50 असं दिसतं तर. कुलूप तोडायचा अधिकार असलेली बाई थंड मातीवर बसून किल्लीची वाट बघते, आणि समोरच्याला कळतं की ती आज उठणार नाही.

न विचारता रानात शिरण्यावर अमेरिकेत शंभर वर्षं खटले चाललेत. तिथं शिकार कायदेशीर, लोक शेकडो एकर रान निव्वळ शिकारीसाठी राखतात, भाड्यानं देतात. घराच्या अंगणापलीकडच्या मोकळ्या रानात अधिकाऱ्याला वॉरंट लागत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1924 साली म्हटलं. त्या जोरावर टेनेसी राज्यात वन्यजीव खात्याच्या माणसांनी खाजगी रानात शिरून झाडांवर छुपे कॅमेरे लावले. रानमालक कोर्टात गेले आणि 2024 साली राज्याच्या अपील न्यायालयात जिंकले. त्यांचं भांडण रान कुणाचं यावर आहे. आमच्या धुऱ्यावर ते कुणी नाकारतच नाही. आमचं भांडण रात्री कोण जागणार यावर आहे.

पंचवीस मिनिटांनी किल्ली येते. आखाड्यात मशीन आहे, खरंच आहे, पण पॅनेलवर धूळ आणि बॅटरी दिवाळीपासून मेलेली. तारेचं टोक मोटारीच्या पेटीजवळ येऊन लोंबकळतंय. चिमट्याचे दात घासून चकचकीत झालेत. मॅडम टोकाला हात लावत नाहीत. पेटीचं बटण बंद आहे ना, ते मामांना बघायला लावतात, मग भाऊबंदाला सांगतात, "गुंडाळा."

"म्याडम, कधीतरी..."

"गुंडाळा, काका. माझ्यासमोर. याच्यावर माणूस गेला ना, तर ते माझ्याकडं येणारच नाही. पोलीस स्टेशनला सदोष मनुष्यवध लागेल. तुमचा नातू याच वाटेनं पाण्याला येतो."

तो गुंडाळतो. सव्वाशे-दीडशे फूट तार कोपर आणि अंगठ्यामध्ये फिरत जाते, जशी माणसं पूर्वी सूत गुंडाळायची. गुंडाळून झाल्यावर वेटोळं तो स्वतःच मॅडमच्या पुढं ठेवतो. आणि मग, कुणी न विचारता, "आना ती सही. करतो मी."

भाऊबंदानं केल्यावर आबा करतात. दोन पंच पुरे झाले. असं का झालं ते मला नीट उमगलेलं नाही. कदाचित स्वतःची तार पकडली गेल्यावर शेजाऱ्याच्या धुऱ्यावरचा फास लहान वाटला असेल. तलाठी येऊन पोचतात तेव्हा दोन्ही कागद लिहून झालेत. पिकाच्या पंचनाम्यात नुकसान करणाऱ्याच्या जागी 'रानडुक्कर'. वनगुन्ह्याच्या रिपोर्टात आरोपीच्या जागी 'अज्ञात'.

चहा होतो, कोरा, आलं घातलेला. मॅडम कप घेऊन फाटकापाशी उभ्या राहतात. फाटक म्हणजे दोन लाकडं आणि काटेरी फांद्या, लाकडं एकमेकांना वायरनं बांधलेली. मी ती वायर बघतो. काळी, पिळदार, वंगणाची, आवरण सोललेली. टोकाला शिशाचं बोंड नाही, कापून घेतलंय.

मॅडमची नजर तिथंच आहे. मग ती तिथून उठून चहाच्या कपात जाते. आबांना त्या म्हणतात, "साखर कमी केलीत का? बरं केलंत, शुगर वाढलीय तुमची."

गावाबाहेरच्या पुलावर गाड्या थांबवतो तेव्हा मी विचारतो. मॅडम हेल्मेट काढत नाहीत.

"पाहिलंत ना तुम्हीही. अशी वायर या गावात शंभर घरांत निघेल, सर. गॅरेजवाला फुकट देतो. कोर्टात वायरीवरून माणूस सिद्ध होत नाही." थोडं थांबून, "आणि समजा झाला. माझ्या बीटात किती गावं आहेत, मोजा. मी एकटी आणि मामा. मला रात्री दोनला फोन कोण करतं? विहिरीत हरीण पडलं, करंट लावलाय, मोर मेलेत, हे कोण सांगतं? ऑफिसच्या नंबरवर येत नाही ते. आज आबांना बेडी घातली तर उद्यापासून मी प्रत्येक रानात कलम 50 घेऊन शिरणार, आणि मला काही दिसणार नाही."

"आणि फास पुन्हा लागला तर?"

"तर दुसऱ्यांदा 'येऊ का' म्हणणार नाही."

याला कामात कसूर म्हणायचं की काम, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी त्यांच्या बाजूनं आहे, पण पूर्ण नाही. त्या सालीवरची ओली खूण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तारेत मान अडकलेलं जनावर लवकर मरत नाही.

पुलाखालून कयाधू वाहते, वाहते म्हणजे जागोजाग साचलेली आहे. 2019 साली याच जिल्ह्यातून एक वाघ गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर, कागदावर नाव टी-1 सी-1, लोकांनी ठेवलेलं नाव वॉकर. तेराशे किलोमीटरांहून जास्त चालून डिसेंबरमध्ये तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. वाटेत अभयारण्यं थोडी, कापूस, तूर, सोयाबीन, ओढे आणि धुरे जास्त. किती सातबारे त्यानं ओलांडले असतील आणि किती कड्या दीड वीत उंचीवर त्याच्या पायांजवळून राहिल्या असतील. मॅडम तेव्हा नोकरीत नव्हत्या. मामा होते. ते इतकंच म्हणतात, "त्याचं नशीब."

मॅडमचा फोन वाजतो. शेजारच्या गावात कठडा नसलेल्या विहिरीत रोही पडलीय, अजून पोहते आहे. रानमालकानं स्वतः केलाय फोन. मामा दोरखंडासाठी कुणाला तरी फोन लावतात. फास आणि तारेचं वेटोळं डिकीत जेवणाच्या डब्याशेजारी गेलंय, झाकण नीट बसत नाही, म्हणून मॅडम ते गुडघ्यानं दाबतात.

निघण्याआधी मी आबांच्या रानाकडं एकदा बघतो. साड्यांमधली फट बुजवायला एक बाई नवी साडी बांधते आहे, लाल. शेतीची लाईट या आठवड्यात रात्रीची आहे, साडेबाराला येते. हरभऱ्याच्या उरलेल्या पट्टीला पाणी द्यायचं राहिलंय आणि मोटारीकडं जायला वाट त्या धुऱ्यावरूनच आहे. आज पाळी आबांची आहे.